चार अपग्रेड आणि एक ब्रेक

मोलगीहून अक्कलकुव्याला उतरताना देवगोई घाट लागतो. दहावीत असताना मी काकाच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसून ‘हिल क्लाइंब रेसिंग’ खेळायचो. घाटात रेंज गेली तरी हा गेम चालायचा. फिनलंडच्या फिंगरसॉफ्टने तो २०१२मध्ये आणला. त्यातली पहिली गाडीही जीपच. नाणी जमवायची आणि चार गोष्टी वाढवायच्या : इंजिन, सस्पेन्शन, टायर, फोर व्हील ड्राइव्ह. मी सगळी नाणी इंजिनात ओतायचो. मग चढावर जीपचं नाक वर उठायचं आणि ड्रायव्हर डोक्यावर आपटायचा!

गाडी अशी ‘बनवायची’ सवय गेमला हळूहळू लागली. १९८२च्या ‘पोल पोझिशन’मध्ये हातात फक्त दोन गिअर होते, लो आणि हाय. १९८९च्या ‘सुपर ऑफ रोड’मध्ये शर्यत संपली की दुकान उघडायचं, जिंकलेल्या पैशांत टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, नायट्रो घ्यायचं. १९९७मध्ये जपानच्या काझुनोरी यामाउची यांचा ‘ग्रान टुरिस्मो’ आला आणि नुसती खरेदी पुरेना. पार्ट एकमेकांशी जुळवावे लागू लागले. गिअर रेशो आखूड ठेवला, तर गाडी चटकन उचल घेते, पण सरळ रस्त्यावर तिचा दम लवकर संपतो. लांब ठेवला की नेमकं उलटं. ट्यूनिंग म्हणजे हेच : एक मिळवायचं तर दुसरं सोडायचं. २००३च्या ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’ने त्यात निऑन दिवे आणि स्टिकरांचीही भर घातली.

एकदा देवगोईच्या उतारावर जळका वास आला. काकाने जीप कडेला घेतली, चाकामागे दगड लावला. सारखा दाबून ब्रेक तापले होते.

“काका, इंजिन तर दमदार आहे ना?”

“दम चढायला लागतो रे. उतरताना गाडी गिअरात धरायची. आज गप्पांत विसरलो.”

ब्रेक थंड होईपर्यंत मी मोबाइल काढला. जीपचे चारही अपग्रेड पुन्हा पाहिले. ‘ग्रान टुरिस्मो’च्या दुकानात ब्रेक मिळायचे, माझ्या हातातल्या गेममध्ये ते वाढवायची सोयच नव्हती. गेममध्ये उलटलो, तर पुन्हा सुरुवात करता येत होती.

आम्ही निघालो. काकाने दुसरा गिअर टाकला, इंजिन घुमू लागलं. मी मोबाइल खिशात ठेवला आणि खालच्या मोडापर्यंत काकाच्या पायाकडे बघत राहिलो.