हातोडीची खूण

दागिन्यांचा इतिहास आपण बहुधा ते घालणाऱ्यांच्या बाजूनें वाचतों. कोणत्या राणीच्या गळ्यांत कोणता हार होता, हें आपणांस ठाऊक असतें. पण तो घडविणारा हात कसा तयार झाला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. श्रोतेहो, आज ज्या लहानशा कारखान्याची हकीकत मला सांगावयाची आहे, त्याचा सारा इतिहास म्हणजे ह्याच प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

१८८८ सालीं पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल ह्या गरीब वस्तींत चार्ल्स रॉबर्ट ॲशबी ह्या पंचवीस वर्षांच्या वास्तुशास्त्रज्ञानें ‘गिल्ड अँड स्कूल ऑफ हँडिक्राफ्ट’ ही संस्था काढली. गिल्ड म्हणजे आपल्याकडील प्राचीन श्रेणी. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत विणकरांच्या ज्या श्रेणींचा उल्लेख येतो, त्या प्रकारचा कारागिरांचा संघ. त्या काळीं इंग्लंडांत दागिन्याचें काम तुकड्यातुकड्यांनीं वांटलें गेलें होतें. एकानें आराखडा काढावा, दुसऱ्यानें यंत्राखालीं पत्रा दाबावा, तिसऱ्यानें डाग द्यावा, चौथ्यानें झिलई करावी. पुरा दागिना कोणाचाच नसे. साध्या पत्र्यापासून पुऱ्या वस्तूपर्यंत सारें काम स्वतः केल्याशिवाय कारागीर तयार होत नाहीं, अशी ॲशबीची श्रद्धा होती. त्याची भिस्त पिढीजाद सोनारांवर नव्हती. त्याच्या मंडळींत कोणी पुस्तकांच्या दुकानांत नोकरी केलेला, तर कोणी हातगाडी ढकलणारा होता. संस्थेची शाळा १८९५ सालीं बंद पडली. पुढें कारखाना हीच शाळा झाली.

तेथें पहिला गुरु म्हणजे खुद्द धातु. रुप्याचा पत्रा हातोडीखालीं कांहीं वेळ मुकाट्यानें वळतो, मग ताठर होतो, आणि तरीहि ठोकीत राहिल्यास तडकतो. म्हणून तो मंद लाल होईपर्यंत तापवावा, निववावा, आणि मऊ झाला म्हणजे पुन्हां ऐरणीवर घ्यावा. उठावाच्या कामांत पत्रा राळेवर बसवून मागून हलके ठोके देत मोराचा गळा किंवा पानाचा फुगवटा वर आणावयाचा, आणि मग पुढून रेखीव करावयाचा. कोणता घाव शेवटचा, हें मनगटासच कळावें लागतें. अशा कामांत दागिना हें लहानसें शिल्पच होय. सोळाव्या शतकांतील इटालियन सोनार व मूर्तिकार बेन्व्हेनुतो चेल्लिनी यानें सुवर्णकाम आणि शिल्प ह्या दोहोंवर लिहिलेल्या प्रबंधांचें ॲशबीनें इंग्रजी भाषांतर केलें, आणि १८९८ मध्यें तें आपल्या धातुकारागिरांस अर्पण केलें.

गिल्डच्या दागिन्यांत मोठ्या हिऱ्यांचा डौल नसे. रुपें, चंद्रकांत, मोतीं, मीनाकाम, एवढ्यावरच तें सजत. मोल होतें तें हाताचें. नेमका तेथेंच बाजाराचा घाव बसला. १८९९ मध्यें लंडनच्या लिबर्टी कंपनीनें ‘किम्रिक’ नांवाचा रुपेरी माल काढला. त्यांतील पुष्कळ वस्तु बर्मिंगहॅमला ठशांनीं दाबून होत, आणि वर हातोडीच्या खुणाहि यंत्रानेंच उमटविल्या जात. शिकणाऱ्या हाताची खूण आतां स्वस्तांत मिळूं लागली!

१९०२ मध्यें ॲशबीनें कारागीर व त्यांचीं कुटुंबें मिळून सुमारें १५० माणसें ग्लॉस्टरशायरमधील चिपिंग कॅम्पडन ह्या गांवीं नेलीं आणि एका जुन्या रेशमाच्या गिरणींत कारखाना थाटला. परंतु लंडनचें गिऱ्हाईक दूर पडलें, मालाला उठाव राहिला नाहीं, आणि १९०७-०८ मध्यें कंपनी मोडली.

ह्याच गांवाशेजारीं नॉर्मन चॅपल ही जुनी वास्तु ॲशबीनें आनंद कुमारस्वामींसाठीं दुरुस्त केली होती. सिंहलद्वीपाच्या मध्ययुगीन कलेवरील आपला ग्रंथ त्यांनीं तेथेंच, गिल्डच्या मुद्रणयंत्रावर, छापवून १९०८ मध्यें प्रसिद्ध केला. पुढील वर्षीं निघालेल्या त्यांच्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ ह्या पुस्तकास प्रस्तावना ॲशबीची आहे. योग विलक्षण खरा! आपल्याकडील सोनाराच्या मुलास बापाच्या शेगडीशेजारीं बसून जें मिळे, तेंच ॲशबी परक्या पोरांना मिळवून देऊं पाहत होता. आणि इकडे त्याच्याच देशांतील यंत्रांचा स्वस्त माल आपल्या कारागिरांच्या पोटावर पाय देत होता.

तेव्हां ॲशबी हरला काय? हिशेबाच्या वहींत हरला, यांत शंका नाहीं. पण गिल्ड मोडल्यावरहि त्याचे कांहीं कारागीर कॅम्पडनलाच राहिले. त्यांतील जॉर्ज हार्ट यानें रुपेरी काम चालू ठेवलें, आणि तें पुढच्या पिढ्यांच्या हातीं दिलें. यंत्रानें हातोडीची खूण उचलली. हातोडी धरावयास शिकविण्याचें काम मात्र माणसाकडेच राहिलें. त्या जुन्या गिरणींत आजहि रुप्यावर घाव पडतात.