गोळी की भाजी?

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आज ठाण्या-डोंबिवलीच्या प्रत्येक औषधाच्या दुकानात ऐकू येतो. पण मूळचा तो वैद्यांचा नव्हे, कारखान्यांचा. हवेतील प्राणवायूने रबर चिरते, तेल खवट होते. हा ऱ्हास रोखणाऱ्या रसायनांना हे नाव पडले. अन्नातील अशा द्रव्यांची ओळख पुढे पटली. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलातील वैद्याने संत्री-लिंबे देऊन स्कर्व्हीचे खलाशी बरे केले. त्यांतले क जीवनसत्त्व सेंट-ज्यॉर्जी यांनी हंगेरीत मिरच्यांतून भरपूर काढले. १९३७ साली त्यांना नोबेल मिळाले.

मग गोळ्या आल्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर त्यांची कसोटी झाली. १९९४ साली निष्कर्ष आला: बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट वाढला. फळे-भाज्या खाणाऱ्यांना लाभ होतो. पण तो एका द्रव्याचा नसून साऱ्या अन्नाचा असावा.

१९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह सक्तीचे करण्याची तरतूद केली. तरीही एका कारखान्यात पालेभाजीसाठी आम्हांला भांडावे लागले. व्यवस्थापक म्हणाले, “गोळ्या वाटतो.” आम्ही भाजीच मागितली, आणि ती मिळवली.

मुरबाड-शहापूरकडून कल्याणच्या बाजारात पावसाळ्यात टाकळा येतो, उन्हाळ्यात करवंदे-जांभळे, थंडीत आवळा. टोपली दारी येते. ती घेण्याइतका पगार कामगाराच्या हाती हवा. आमच्या लेखी आरोग्याचा प्रश्न तेथून सुरू होतो.