परळ येथील रक्तगणना व गरोदर स्त्रियांचा पांडुरोग

ज्यांच्या संग्रहीं जुन्या वैद्यकपोथ्या आहेत त्यांस पांडुरोगाचें प्रकरण अपरिचित नसेल. चरकसंहितेंत ह्या रोगाचे पांच प्रकार सांगितले असून त्यांपैकीं एक माती खाल्ल्यानें होणारा आहे. त्यावरील नवायस चूर्णांत मुख्य द्रव्य लोह. मंडुराचे योगहि प्रसिद्धच आहेत. फिक्कट पडलेल्या रोग्यास लोह द्यावें, हा पाठ आपल्याकडे इतका जुना आहे. परंतु लोह देऊनहि न हटणारा एक पांडुरोग गरोदर स्त्रियांत आढळतो. त्याच्या कारणाचा माग प्रथम मुंबईंत लागला. तो कसा लागला हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

परळचा जुना गव्हर्नरी वाडा इतिहासज्ञांस ठाऊक आहे. १८९९ सालीं तेथें हाफकीन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली व १९२५ सालीं तिला हाफकीन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. बाळंतपणांतील मृत्यूंची चौकशी चालू असतां, डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या सूचनेवरून, १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) ह्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या व ह्या संस्थेंत काम करूं लागल्या. केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून त्या १९२० सालीं लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकविद्यालयांतून वैद्यकीची परीक्षा उतरल्या होत्या. मुंबईंतील गरीब स्त्रियांत, विशेषतः गिरणकामगार वस्तींत, गरोदरपणीं येणारा एक घातक पांडुरोग हा त्यांच्या शोधाचा विषय होता.

त्या काळीं रक्तपरीक्षेचीं साधनें मोजकींच होतीं. तांबड्या पेशींची संख्या मोजावी, रक्तरंजक द्रव्याचें प्रमाण काढावें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींचा आकार पाहावा. निर्णय ह्या तिन्हींच्या मेळांत होता. लोहाच्या अभावीं पेशी लहान व फिक्या होतात. ह्या स्त्रियांच्या रक्तांत पेशी संख्येनें फार थोड्या, परंतु आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या आढळत. म्हणजे बाहेरून दोन्ही रोगी सारखेच पांढुरके दिसले तरी रक्ताची साक्ष अगदीं उलट होती.

विल्स यांनीं प्रथम जंतुसंसर्गाचा विचार करून पाहिला. पण त्यांत कारण सांपडेना. मग तळपदे यांच्यासह त्यांनीं मुंबईच्या निरनिराळ्या वर्गांतील स्त्रियांच्या अन्नाची व राहणीची पाहणी केली. ती १९३० सालीं प्रसिद्ध झाली. गरीब मुसलमान स्त्रियांचें अन्न सर्वांत निकृष्ट, आणि रोगहि त्यांच्यांतच सर्वांत अधिक, असें तींत दिसून आलें. तेंच अन्न उंदरांस घालतां त्यांस पांडुरोग झाला. उवांच्या उपद्रवानें ते प्रयोग संशयास्पद ठरले, म्हणून पुढें माकडांवर पुन्हां प्रयोग करावे लागले.

घातक पांडुरोगावर यकृत खाऊं घालण्याचा उपाय मिनो व मर्फी यांनीं १९२६ सालींच दाखविला होता. पण तो महाग होता. विल्स यांनीं यीस्टचा अर्क, म्हणजे विलायतेंत पावाला लावून खाण्याचें ‘मार्माइट’, रोगी स्त्रियांस देऊन पाहिला. नव्या पेशी रक्तांत वाढूं लागल्या व स्त्रिया सुधारल्या. ही हकीकत १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत छापली गेली.

विल्स यांनीं फोलिक आम्ल शोधून काढलें असें पुष्कळदां लिहिलें जातें. आमच्या मतें हें विधान दुरुस्त केलें पाहिजे. त्यांनीं दाखविला तो एक अज्ञात घटक; त्यास लोक ‘विल्स घटक’ म्हणूं लागले. १९३७–३८ सालीं त्यांनींच दाखविलें कीं यकृताचा कच्चा अर्क ह्या रोगावर लागू पडतो, शुद्ध केलेला पडत नाहीं. अर्थात् हा घटक घातक पांडुरोगावरील यकृतघटकाहून निराळा. तो दुसरा घटक, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ सालीं हातीं आला. फोलिक आम्ल १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें, व १९४५ सालीं लेडर्ली प्रयोगशाळेंत, जेथें येल्लाप्रगड सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख होते, तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. पेशींचें विभाजन होण्यास तें लागतें. पोटांत गर्भ असतां त्याची गरज वाढते. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चांचणींत, आधीं सदोष मज्जारज्जूचें मूल झालेल्या स्त्रियांस तें गर्भधारणेपूर्वींपासून दिल्यानें तोच दोष पुन्हां होण्याचें प्रमाण शेंकडा ७२ नें घटलें.

परळाहून उत्तरेस, मिऱ्याभाइंदरच्या मिठागरांलगत राई गांव आहे. तेथील गरोदर स्त्रीसहि सरकारी योजनेप्रमाणें रोज एक गोळी द्यावयाची, ती १८० दिवस. तींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतें. लोहाचा धागा पोथीपर्यंत जातो, फोलिक आम्लाचा परळपर्यंत. दोन्ही एका गोळींत एकत्र आले आहेत. मात्र रक्तरंजकाचा एक आंकडा पाहून कारण कळत नाहीं, ही विल्स यांची शिकवण आजहि विसरतां येत नाहीं. शिवाय ब-१२ च्या उणिवेंत नुसतें फोलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारतें, पण मज्जातंतूंची हानि चालूच राहते.

ज्या स्त्रियांच्या रक्तानें ही विद्या मिळाली त्यांनीं कागदावर एक ओळहि लिहून ठेविली नाहीं. त्यांच्या अन्नाचा व दारिद्र्याचा पुरावा राहिला आहे तो पेशींच्या गणनेंतच. दप्तरें व पोथ्या जतन करणारांनीं प्रसूतिगृहांच्या जुन्या वह्या रद्दींत जाऊं देऊं नयेत, इतकीच आमची विनंति आहे.