रोमिंग युजर प्रोफाइल म्हणजे काय? तुमच्या आवाजाची माहिती नेमकी कुठे साठते?

मोबाईलवर मराठीत बोलून टाइप करणं आता काही नवीन राहिलेलं नाही. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आणली. पण असं सॉफ्टवेअर आपल्याकडून जे शिकतं, ते साठतं कुठे? हे समजायला कॉम्प्युटरवरच्या 'ड्रॅगन' या सॉफ्टवेअरचं उदाहरण मला सगळ्यात सोपं वाटतं. त्यात मराठी नाही, इंग्रजी आहे. डॉक्टर, वकील मंडळी रिपोर्ट बोलून लिहायला ते वापरतात.

प्रोफाइल म्हणजे काय?

भाषा ओळखायची मूळ क्षमता सगळ्यांना सारखीच मिळते. त्यावर तुमचा आवाज, तुमचे शब्द, तुमच्या दुरुस्त्या यांचा थर चढतो. हा थर म्हणजे तुमची प्रोफाइल. आमच्या भागातली कवठेमहांकाळ, म्हसवड अशी गावांची नावं ड्रॅगनला तुम्हालाच शिकवावी लागतील, आणि ती या प्रोफाइलमध्येच राहतील.

रोमिंग कसं चालतं?

समजा, एक डॉक्टर निम्मा आठवडा साताऱ्यात आणि निम्मा सांगलीत बसतात. दोन्हीकडे वेगळा कॉम्प्युटर. सगळे शब्द दोनदा कोण शिकवणार? म्हणून मास्टर प्रोफाइल सर्व्हरवर ठेवतात आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर तिची लोकल प्रत असते. व्यापाऱ्याची कच्ची वही आणि खतावणी असते ना, अगदी तसंच. दिवसभर कच्च्या वहीत लिहायचं, नंतर खतावणीत उतरवायचं. बोलताना ड्रॅगन लोकल प्रतच वापरतं, त्यामुळे मध्येच नेट गेलं तरी काम थांबत नाही.

सेटिंग करताना काय बघायचं?

१. आधी उघडी प्रोफाइल बंद करा. मग टूल्स मेनूतल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेटिंग्जमध्ये रोमिंगचा टॅब मिळेल. तिथे रोमिंग चालू करून मास्टर प्रोफाइलची जागा द्या.

२. नेट हळू असेल तर फक्त प्रोफाइल उघडताना आणि बंद करतानाच नेटवर्क वापरायचा पर्याय निवडा.

३. दोन्हीकडचे माइक वेगळे असतील तर प्रत्येक मशीनवर ऑडिओ लेव्हल सेट करायचा पर्याय चालू ठेवा.

४. लोकल प्रतीसाठी डिस्कवर पुरेशी जागा ठेवा आणि त्या फोल्डरमध्ये युजरला लिहायची परवानगी आहे ना, ते तपासा.

५. काम झालं की प्रोफाइल नीट बंद करा. थेट स्विच बंद केला, तर नवे शब्द मास्टरपर्यंत न पोचण्याची शक्यता असते.

खरा धोका कुठे आहे?

काम संपलं तरी लोकल प्रत त्या कॉम्प्युटरवर राहू शकते. डॉक्टरांनी शिकवलेल्या शब्दांत पेशंटची नावं असली, तर तीही तिथेच. त्यामुळे कॉम्प्युटर चार जण वापरत असतील तर प्रत्येकाला वेगळं विंडोज लॉगिन द्या. मशीन विकताना, बदलताना लोकल प्रत पुसा. पण त्याआधी सगळं मास्टरमध्ये गेलंय याची खात्री करून घ्या.

मग आपल्या मोबाईलचं काय?

तत्त्व तेच. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, त्यात पर्सनल डिक्शनरी उघडा आणि मराठी निवडा. तुमच्या गावाचं, आडनावाचं अचूक स्पेलिंग तिथे स्वतः जोडता येतं. कीबोर्डने आपणहून शिकलेले शब्द पुसायचा पर्याय प्रायव्हसीमध्ये मिळतो. फोनच्या व्हर्जनप्रमाणे ही नावं थोडी इकडेतिकडे असू शकतात.

जुना फोन लहान भावाला द्यायचा असो की दुकानात एक्स्चेंज करायचा असो, मी म्हणेन आधी बॅकअप घ्या, मग फॅक्टरी रीसेट करा. फक्त फोटो डिलीट करून भागत नाही. तुम्ही कोणाची नावं सारखी घेता, हे कीबोर्डलाही माहीत असतं!