नोंदीपासून बिलापर्यंत : व्यवसाय-प्रक्रिया कशी आखावी

साखर कारखान्याच्या कचेरीत भिंतीवर विभागांचा तक्ता असतो : शेतकी, इंजिनिअरिंग, उत्पादन, अकाउंट्स. कोण कोणाच्या हाताखाली, ते त्यात कळते. काम कसे पुढे सरकते, ते कळत नाही. प्रक्रिया ठरवताना पहिली चूक होते ती इथेच, विभागालाच प्रक्रिया समजण्याची.

एकाच उसाच्या मागे जाऊन पाहा. शेतकरी कारखान्याच्या गट ऑफिसात लागणीची नोंद करतो. पुढे तोडणीचा कार्यक्रम लागतो, टोळी फडात उतरते, चिटबॉय चिठ्ठी फाडतो, गाडी काट्यावर येते, भरलेली आणि रिकामी अशी दोन वजने होतात, मोळ्या गव्हाणीत पडतात आणि शेवटी बिल खात्यावर जमा होते. माणसे तीन-चार विभागांची, पण चिठ्ठीवरचे शेतकऱ्याचे नाव काट्यापासून बिलापर्यंत तेच. ज्या कामांतून एकच वस्तू किंवा एकच नोंद पुढे जाते आणि शेवटी एकाच माणसाच्या पदरात काही पडते, ती कामे एका प्रक्रियेत घ्यावीत. कौशल्य सारखे म्हणून कामे एकत्र बांधली की विभाग तयार होतो, एवढेच.

तोडणी टोळीच्या मुकादमाला आगाऊ दिलेली उचल या प्रक्रियेत धरावी का? माझ्या मते नाही. तोडणीचा करार आणि उचल हंगामाच्या कितीतरी आधी सुरू होतात आणि तिथे हिशेब मुकादमाचा असतो, उसाचा नव्हे. ती वेगळी प्रक्रिया. दोन्हींची गाठ फक्त फडात पडते. बंद हंगामातली यंत्रदुरुस्ती ही तर निव्वळ पूरक प्रक्रिया.

प्रक्रियेचे नाव चुकले की उपायही चुकतो. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी 1990 साली फोर्ड या मोटार कंपनीचे उदाहरण मांडले. तिथे पुरवठादारांची बिले भागवणाऱ्या खात्यात 500 हून अधिक माणसे होती, माझ्दाकडे अवघी 5. (माझ्दा लहान कंपनी, हे धरूनही तफावत मोठीच.) फोर्डने बिले भागवण्याऐवजी सगळी खरेदी हीच प्रक्रिया मानली, माल पोचल्याची नोंद झाली की पैसे द्यायचे ठरवले आणि बीजक जुळवण्याचे कामच संपले.

आपल्याकडे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याजासह. त्यांतले किती दिवस काट्यावर गेले आणि किती अकाउंट्समध्ये, हे तो आदेश विचारत नाही.