मधुमेहींमधील आतड्यांचा जिवाणूसंसर्ग

दूषित अन्नपाण्यावाटे पोटात जाणारे साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर आदी जिवाणू कोणालाही जुलाबाने आजारी पाडू शकतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांत मात्र या संसर्गाचा धोका अधिक असतो आणि त्याचे परिणामही अधिक गंभीर होऊ शकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची क्षमता घटते. जुन्या मधुमेहात जठर व आतड्यांच्या मज्जातंतूंना इजा होऊन अन्न पुढे सरकण्याची गती मंदावते, आणि साचलेल्या अन्नात जिवाणूंची वाढ होते. आम्लपित्तावरील काही औषधांमुळे जठरातील आम्ल कमी झाल्यास जंतूंना अटकाव करणारा पहिला अडथळाही दुबळा होतो.

निदानात एक अडचण येते. जुलाब हा मेटफॉर्मिन या औषधाचाही परिचित दुष्परिणाम असल्याने संसर्गाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. ताप येणे, शौचातून रक्त पडणे ही संसर्गाची लक्षणे मानली जातात.

जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करणे ही घातक चूक ठरते, कारण आजारपणात स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे उपाशीपोटीही साखर वाढते. उलट, शरीर शुष्क होत असताना मेटफॉर्मिन तसेच डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. या दोन गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात, साखर फारशी वाढलेली नसतानाही, घातक प्रमाणात आम्ल साचू शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे न जेवलेल्या रुग्णाची साखर एकदम उतरते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक सोबत घेतल्यास हा धोका वाढतो.

साखरेच्या भीतीने अनेक मधुमेही जलसंजीवनीही टाळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि ते चवीसाठी घातलेले नसते. आतड्यात क्षार व पाणी शोषले जाण्यासाठी त्याची गरज असते. त्यामुळे जुलाबात मधुमेहींनीही ही जलसंजीवनी घ्यावी व साखर वारंवार तपासावी. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. तिच्या नावाशी साम्य सांगणारी बाजारातील गोड पेये मात्र निराळी आहेत. २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या वेष्टनांवर 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली.

सतत उलट्या होणे, लघवी कमी होणे, गुंगी येणे किंवा श्वास जलद चालणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.