तीन पेडांचा दोर

लेकराचं हाड साध्या धक्क्यानं मोडलं, पुन्हा पुन्हा मोडायला लागलं की बोट आईकडंच वळतं. “ग्रहणात काही चिरलं असशील.” “तुझ्या माहेरचंच आलं.” या आजाराचं खरं कारण कळायला दोनशे वर्षं लागली, ते आज सांगते.

१७८८ साली स्वीडनच्या एकमान नावाच्या डॉक्टरानं एका घराण्याची नोंद केली. तीन पिढ्यांत ठिसूळ हाडं. पुढं १८४९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्रोलिकनं आजाराला नाव दिलं, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. म्हणजे हाडांची अपुरी घडण. नाव मिळालं, कारण मात्र नाही.

कारणाकडं जाणारी वाट आपल्याच देशातून गेली. हाडात चुना असतो, पण नुसता चुना खडूसारखा मोडतो. त्याला धरून ठेवतं कोलॅजन नावाचं प्रथिन. १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं दाखवलं, की कोलॅजन तीन पेडांचं असतं. आपल्याकडं अंबाडीचा दोर वळतात, तसंच. पेडातली दर तिसरी जागा ग्लायसीन नावाच्या सगळ्यात लहान कणाची. आत जागाच तेवढी! तिथं मोठा कण घुसला की पीळ नीट बसत नाही. एक पेड बिघडला तरी अख्खा दोर कच्चा.

पेड कसा घडवायचा, हे जनुक सांगतं. या आजारात कोलॅजनच्या जनुकातच बिघाड असतो, हे १९८३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

आता आईच्या दोषाचं बघू. पुष्कळदा हा बिघाड त्या लेकरातच नव्यानं झालेला असतो. आईत नसतो, बापातही नसतो. आई किंवा बाप आजारी असेल, तर दर बाळंतपणात निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. काही थोडे प्रकार असे, की दोघंही धडधाकट, पण दोघांकडून बिघाड येतो. नात्यातल्या लग्नात त्याची भीती वाढते. मामाच्या घरी मुलगी देताना हे कुणी विचारतं का? ग्रहणाचा यात काही संबंध नाही.

आजार म्हणजे आयुष्य संपलं, असंही नाही. मुंबईत जन्मलेले लेखक फिरदौस कांगा यांना हाच आजार. त्यांची कादंबरी १९९० मध्ये आली; तिच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतः काम केलं.

बारक्या धक्क्यानं हाड मोडतं, डोळ्याचा पांढरा भाग निळसर दिसतो, घरात आणखी कुणाला असाच त्रास आहे, तर लेकरू जिल्हा रुग्णालयात हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत मुलं तपासायला पथक येतं, त्यांनाही सांगा. हाड बळकट करणारी औषधं आहेत, वाकलेल्या हाडात सळई घालतात. मूळ बिघाड जात नाही. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी तर नाहीच. आणि असं लेकरू उचलताना हाताला धरून ओढू नका, काखेतही धरू नका. एक तळवा ढुंगणाखाली, दुसरा मान-खांद्याखाली. हे सासूला, नणंदेला, शेजारणीलाही दाखवून ठेवा.